सुटी न घेणारा व्यायाम

दिवाळीच्या आठवड्यात मोरिवलीचा सकाळचा रस्ता ओळखू येत नाही. एमआयडीसीतल्या कंपन्यांची पाळी सुटण्या-भरण्याची गडबड नसते. गेटसमोर रिक्षा थांबत नाहीत. डबा खांद्याला लावून अंबरनाथ स्टेशनकडे झपाझप निघालेली माणसे दिसत नाहीत. यंत्रांची पूजा होऊन ती शांत उभी असतात आणि घरोघरी फराळाचे डबे भरलेले असतात. वर्षभर नेमाने फिरायला जाणारे लोकही या आठवड्यात घरीच असतात. पाहुणे आलेले असतात, रात्री झोपायला उशीर झालेला असतो, आणि चार दिवस व्यायाम नाही केला तर काय बिघडते, असा विचार प्रत्येकाच्या मनात येतो.

गंमत अशी, की नरक चतुर्दशीला आपण सगळे वर्षात कधी नव्हे इतक्या पहाटे उठतो. अभ्यंगस्नान होते, देवदर्शन होते आणि सूर्य वर यायच्या आत चकली-चिवड्याची ताटली समोर येते. चार दिवसांची ती सुटी पुढे लांबत जाते. तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते, मग नाताळ, एकतीस डिसेंबर आणि त्यामागून संक्रांत. दिवाळीत सुटलेला व्यायाम पुष्कळांच्या बाबतीत जानेवारीतच परत सुरू होतो, आणि काहींच्या बाबतीत होतच नाही.

व्यायामाला सुटी द्यावी लागू नये, यासाठी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी आपल्याच महाराष्ट्रातल्या एका राजाने एक साधा मार्ग निवडला आणि तो आयुष्यभर लोकांना सांगितला. त्यांचे नाव भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. औंधचे बाळासाहेब म्हणून लोक त्यांना ओळखत. आज शाळेच्या मैदानावर, योगवर्गात किंवा रथसप्तमीच्या सामूहिक कार्यक्रमात आपण सूर्यनमस्कार घालतो, त्यामागे या माणसाचा फार मोठा वाटा आहे. दिवाळीच्या तोंडावर त्यांची आठवण काढण्याचे कारण मात्र वेगळे आहे. व्यायाम का सुटतो, हे त्यांना स्वतःच्या अनुभवातून कळले होते.

राजपुत्र आणि सँडोचे डंबेल्स

भवानरावांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. औंध हे सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातले गाव. यमाईच्या डोंगरामुळे ते प्रसिद्ध आहे. संस्थान लहानच, बहात्तर गावांचे, आणि तीही एकसलग नव्हती. काही गावे औंधभोवती, काही आटपाडीकडे, काही कुंडलकडे, तर काही थेट विजापूरच्या बाजूला. राजघराण्यातल्या मुलाने शिकून पदवी घ्यावी, असा तो काळ नव्हता. तरी भवानराव साताऱ्याला शिकले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून बी. ए. झाले.

शरीर कमावण्याची त्यांना तरुणपणापासून आवड. त्या काळी जगभर युजेन सँडो या प्रशियात जन्मलेल्या पहिलवानाचे नाव गाजत होते. पिळदार शरीराचे प्रदर्शन करणारा हा माणूस पुस्तके आणि व्यायामाची साधने टपालाने विकत असे. १९०४-०५ मध्ये तो हिंदुस्थानातही येऊन गेला. भवानरावांनी त्याच्या कितीतरी आधी, १८९७ मध्ये, सँडोची साधने आणि पुस्तके मागवली होती. पुढची दहा वर्षे त्यांनी त्याच्या सूचनेबरहुकूम व्यायाम केला. छाती रुंदावली, दंड भरले. पण या पद्धतीच्या मर्यादाही त्यांना दिसू लागल्या. त्यासाठी साधने लागत, ती ठेवायला जागा लागे, आणि सामान्य शेतकऱ्याला किंवा शाळेतल्या मुलाला यातले काहीच परवडणारे नव्हते.

मिरजेच्या राजेसाहेबांच्या सांगण्यावरून १९०८ च्या सुमारास त्यांनी सूर्यनमस्कार सुरू केले. नमस्कार महाराष्ट्राला नवे नव्हते. समर्थ रामदासांच्या परंपरेशी त्यांचे नाते सांगितले जाई आणि तालमींमध्ये जोर-बैठकांसोबत नमस्कारही घातले जात. मात्र बहुतेक घरांत ते उपासनेचा भाग म्हणूनच राहिले होते. भवानरावांनी ते आरोग्याच्या दृष्टीने पाहिले. सतरंजी पसरण्याइतकी जागा आणि थोडा वेळ एवढेच त्याला लागते. साधन नको, जोडीदार नको, मैदान नको. प्रवासात, परगावी, पाहुण्यांच्या घरी, पावसाळ्यात, सणावारी कुठेही ते घालता येतात. व्यायाम चुकवायला माणसाला जी कारणे सापडतात, त्यातली बहुतेक इथे लागूच पडत नाहीत.

सगळ्या संस्थानाला लावलेली सवय

१९०९ मध्ये भवानराव औंधच्या गादीवर आले. राजा झाल्यावर माणसाच्या छंदांना खजिना मिळतो. भवानरावांनी मात्र आपला छंद शाळांमध्ये नेला. संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सुरू झाले आणि मुलांबरोबर मुलीही ते घालू लागल्या. त्या काळात मुलींनी व्यायाम करणे ही फार मोठी गोष्ट होती. राजवाड्यातल्या स्त्रियाही याला अपवाद नव्हत्या. स्वतः राजा, त्यांचे कुटुंब आणि मुले नमस्कार घालतानाची एक मूक चित्रफीतही त्यांनी बनवून घेतली. लोकांना सांगण्यापेक्षा दाखवावे, ही त्यांची रीत होती.

त्यांनी यावर पुस्तके लिहिली. १९२८ मध्ये त्यांचे सूर्यनमस्कारांवरचे इंग्रजी पुस्तक आले. त्यात नमस्काराच्या दहा स्थिती छायाचित्रांसह समजावल्या होत्या. आज शिकवल्या जाणाऱ्या पद्धतीत त्या बहुधा बारा मोजतात. १९३६ मध्ये ते इंग्लंडला गेले, तेव्हा लंडनच्या न्यूज क्रॉनिकल या वृत्तपत्राच्या लुईझ मॉर्गन यांनी त्यांची मुलाखत घेतली. सत्तरीकडे झुकलेल्या या हिंदी राजाची तब्येत पाहून तिथल्या वाचकांचे कुतूहल वाढले. पुढे १९३८ मध्ये मॉर्गन यांनीच संपादित केलेले त्यांचे पुस्तक लंडनहून प्रसिद्ध झाले. औंधच्या शाळेतला व्यायाम अशा रीतीने इंग्लंडच्या घरांत पोहोचला.

हा माणूस केवळ व्यायामवेडा नव्हता. ते चित्रकार होते. त्यांनी रामायणावर चित्रे काढली आणि ती पुस्तकरूपात छापली. ते कीर्तन करत. १९३५ मध्ये इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढण्याच्या पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या कामाला त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावहून कारखाना हलवायची वेळ आली, तेव्हा औंध संस्थानात माळरानाची जागा मिळाली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंधच्या डोंगरावर त्यांनी स्वतः जमवलेल्या कलावस्तूंचे श्रीभवानी संग्रहालय उभारले. तिथे राजा रविवर्म्यांच्या चित्रांपासून हेन्री मूरच्या शिल्पापर्यंत बरेच काही पाहायला मिळते.

एका माणसाने एवढी कामे केली, तेव्हा त्याच्याकडे मोकळा वेळ कमीच असणार. तरीही नमस्कार त्यांच्या दिवसाचा भाग राहिले. वेळ मिळाला तर व्यायाम करू, असे म्हणणाऱ्याला वेळ सहसा मिळत नाही. भवानरावांनी व्यायाम दिनक्रमातच घालून टाकला.

सणाच्या एका आठवड्यात शरीरात काय होते?

भवानरावांच्या काळात नियमितपणाचा आग्रह हा अनुभवाचा मामला होता. शरीरात नेमके काय घडते, हे मोजण्याची साधने नव्हती. आज ती आहेत आणि त्यांचे निष्कर्ष सणासुदीच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत.

ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. २६ निरोगी तरुणांना सात दिवस भरपूर खायला दिले आणि त्यांची हालचाल रोज ४,००० पावलांच्या आत ठेवली. थोडक्यात, त्यांना आठवडाभराची दिवाळीच करायला लावली. त्यातल्या एका गटाने मात्र रोज ४५ मिनिटे ट्रेडमिलवर व्यायाम केला. त्यात खर्च होणाऱ्या कॅलरी भरून निघाव्यात म्हणून या गटाला जेवणही अधिक दिले. म्हणजे शिल्लक राहणारी ऊर्जा दोन्ही गटांत सारखीच होती. आठवडा संपल्यावर व्यायाम न करणाऱ्यांचे साखरेवरचे नियंत्रण बिघडलेले दिसले आणि त्यांच्या चरबीच्या पेशींमधल्या जनुकांच्या कामातही नको ते बदल झाले होते. व्यायाम करणारा गट यातून बऱ्याच अंशी वाचला. व्यायामाचा फायदा केवळ कॅलरी जाळण्यात नसतो, हे या प्रयोगातून स्पष्ट झाले.

याचे कारण स्नायूंमध्ये आहे. एरवी रक्तातली साखर स्नायूंच्या पेशीत शिरण्यासाठी इन्शुलिनची गरज असते. पण स्नायू आकुंचन पावत असतात, म्हणजे काम करत असतात, तेव्हा पेशीत साखर नेणारी दारे इन्शुलिनवाचूनही उघडतात. व्यायाम संपल्यानंतरही स्नायू इन्शुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देत राहतात. हा परिणाम साधारण एक ते दोन दिवस टिकतो. म्हणूनच मधुमेह असलेल्यांनी सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नये, असा सल्ला दिला जातो. धनत्रयोदशीपासून भाऊबीजेपर्यंतचा खंड त्याच्या किती पुढे जातो, ते बोटांवर मोजून पाहा.

दुसरी गोष्ट आपल्या लक्षातही येत नाही. मोरिवलीहून स्टेशनपर्यंतची चाल, पुलाचे जिने, गाडीत उभ्याने केलेला प्रवास, कारखान्यातली उभ्याची पाळी हा सगळा न मोजलेला व्यायाम असतो. सुटीत तो आपोआप बंद पडतो. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी निरोगी तरुणांची रोजची चाल सुमारे १०,००० पावलांवरून १,५०० च्या आसपास आणली. दोनच आठवड्यांत त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता, म्हणजेच दम, सुमारे ७ टक्क्यांनी घटला आणि पायांतले स्नायूही कमी झाले. ही तरुणांची गोष्ट. साठीच्या पुढे गमावलेले स्नायू परत मिळवणे जास्त कठीण असते.

आणि वजनाचे काय? अमेरिकेत १९५ प्रौढांच्या एका अभ्यासात, तिथल्या नोव्हेंबर ते जानेवारीच्या सणांच्या काळात सरासरी वजनवाढ फक्त ०.३७ किलो आढळली. वाढ इतकी थोडी, की काट्यावर लक्षातही येऊ नये. चिंतेची बाब पुढे होती. हे वाढलेले वजन वर्षभरात उतरले नाही. दरवर्षी असे थोडे थोडे साठत गेले, की वीस वर्षांनी त्याचे पोट दिसू लागते.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक गंभीर आहे. भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीवरून २०२३ मध्ये मांडला गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, निम्मे भारतीय प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत. आपल्या फराळात तळणे, तूप, साखर आणि मैदा यांचा भरणा असतो. एक ग्रॅम तुपात ९ कॅलरी असतात, धान्यातल्या पिठापेक्षा दुपटीहून अधिक. फराळ करू नका, असे कुणी म्हणणार नाही आणि म्हटले तरी कुणी ऐकणार नाही. पण जास्त खाणे आणि कमी हलणे या दोन गोष्टी एकाच आठवड्यात एकत्र आल्या, की नुकसान वाढते. त्यातली दुसरी गोष्ट आपल्या हातात आहे.

राजाचे काय चुकले, काय बरोबर ठरले

भवानरावांच्या उत्साहाला काही ठिकाणी लगाम नव्हता. नमस्कारांनी जवळपास सगळे रोग दूर राहतील, अशा थाटाचे दावे त्यांच्या लेखनात आहेत. आजचे वैद्यकशास्त्र ते मान्य करणार नाही. कोणताही व्यायाम क्षयाला किंवा कर्करोगाला हमखास थोपवत नाही आणि सुरू असलेल्या औषधांची जागा घेत नाही. भवानराव १३ एप्रिल १९५१ रोजी गेले, तेव्हा ते ८२ वर्षांचे होते. त्यांच्या आश्रयाने औंधला राहून वेदांचा अभ्यास करणारे आणि सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर तर शंभरी ओलांडून जगले. देशाचे सरासरी आयुर्मान तेव्हा चाळिशीलाही पोहोचले नव्हते. पण एक-दोन दीर्घायुषी माणसांवरून सिद्धान्त काढता येत नाही. राजाला सकस अन्न, स्वच्छ घर आणि वैद्य हाताशी असतात, हेही विसरता कामा नये.

मग त्यांचे बरोबर काय ठरले? सूर्यनमस्कार हा खराच व्यायाम आहे, हे मोजमापांतून दिसले आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात, ६० किलो वजनाच्या माणसाने अर्धा तास नमस्कार घातले तर सुमारे २३० कॅलरी खर्च होतात, असे आढळले. हृदयाची गतीही चांगली वाढली. त्या अभ्यासात केवळ सहा जण होते, त्यामुळे हा आकडा अंदाज म्हणूनच घ्यावा. एकाच क्रियेत पाठ, खांदे, दंड, पोट आणि पाय या सगळ्यांना काम मिळते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सुचवते. नमस्कारांतून या दोन्ही गोष्टींना हातभार लागतो.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्याला काहीच लागत नाही तो व्यायाम टिकतो, ही त्यांची जाण. दिवाळीत जिम बंद असते, मैदानात फटाके वाजत असतात, फिरायला जाणारा सोबती गावी गेलेला असतो. घरातल्या चटईला मात्र सुटी नसते.

शेवटची वर्षे

आयुष्याच्या उतरणीला भवानरावांनी आणखी एक धाडस केले. महात्मा गांधींच्या सल्ल्याने १९३८-३९ मध्ये त्यांनी आपली राजसत्ता प्रजेच्या हाती सोपवणारी राज्यघटना स्वीकारली. गावपंचायतींवर उभा राहिलेला तो औंधचा प्रयोग आजही अभ्यासला जातो. याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहतही सुरू झाली. त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत या प्रयोगात पुढे होते. स्वातंत्र्यानंतर ते भारताचे राजदूत झाले आणि त्यांनीही सूर्यनमस्कारांवर पुस्तक लिहिले. १९४८ मध्ये औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. गादी गेली, संस्थान गेले, पण शाळांतून गावोगाव पोहोचलेले नमस्कार मागे राहिले.

या दिवाळीसाठी

भवानरावांकडून या आठवड्यापुरते घेण्यासारखे काय आहे, ते थोडक्यात सांगतो.

पहाटे अभ्यंगस्नानासाठी उठणारच आहात, तर स्नानाआधी दहा-पंधरा मिनिटे काढा. सवय नसेल तर पहिल्या दिवशी चार-पाच नमस्कार पुरेत. ते सावकाश, श्वास न कोंडता घाला आणि दर दोन-तीन दिवसांनी एक-दोन वाढवा. एकदम पन्नास घालून दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठता न येणे, म्हणजे व्यायाम सुटण्याची खात्रीच.

जेवणानंतर लगेच लोडाला टेकू नका. दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालल्याने जेवणानंतर वाढणारी साखर आटोक्यात राहते. भाऊबीजेला बहिणीकडे जाताना शेवटचा टप्पा पायी गेलात, तरी तो जमेस धरा.

फटाक्यांच्या धुराने हवा जड झालेली असेल, तर त्या वेळी बाहेर धावू नका. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी तर मुळीच नाही. अशा वेळी घरातला व्यायाम बरा.

अनियंत्रित रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, पाठीचा किंवा गुडघ्याचा जुना त्रास असेल, किंवा गर्भारपण असेल, तर वाकण्याचे व्यायाम डॉक्टरांना विचारूनच करा. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी जास्त व्यायाम टाळावा. ज्यांना नमस्कार जमत नाहीत, त्यांनी खुर्चीवरून दहा वेळा उठावे-बसावे, जिने चढावेत, घरातल्या घरात चालावे. त्यांच्यासाठी नियम तोच, सलग दोन दिवसांहून जास्त खंड नको.

आणि शक्य असेल तर एकट्याने करू नका. भवानरावांनी सगळ्या घराला सोबत घेतले होते. दिवाळीत घर भरलेले असते, मुलांना सुटी असते, आजी-आजोबा आलेले असतात. पाडव्याच्या सकाळी घरातल्या तीन पिढ्यांनी मिळून पाच-पाच नमस्कार घातले, तर फराळ कुणालाही कमी गोड लागणार नाही. कंपन्यांचे भोंगे पुन्हा वाजतील आणि मोरिवलीचा रस्ता पुन्हा माणसांनी भरेल, तेव्हा नव्याने सुरुवात करण्याची वेळ येणार नाही, कारण मधे काही थांबलेलेच नसेल.